४,४२५ कॅमेरे की एकच? फिल्म फोटोग्राफीतला ‘गॅस’ नेमका काय असतो?

रीलवर फोटो काढायचं खूळ परत आलंय. इन्स्टावर एखादा दाणेदार फोटो दिसतो आणि घरातलं जुनं कपाट उघडलं जातं. आजोबांचा आगफा क्लिक थ्री सापडतो. मग ऑनलाइन एक यशिका, मग पेंटॅक्स, मग त्याच्या लेन्सा. वर्षभराने कपाटात सात कॅमेरे असतात आणि धुऊन आलेले रोल मात्र दोन.

याला ‘गॅस’ म्हणतात. सिलिंडरचा नाही, गिअर अ‍ॅक्विझिशन सिंड्रोम. म्हणजे सामान जमवत सुटायचा आजार. शब्द मूळचा गिटारवाल्यांचा. स्टीली डॅन या अमेरिकन बँडचे वॉल्टर बेकर यांनी नव्वदच्या दशकात चेष्टेने काढलेला, पुढे कॅमेरेवाल्यांनी उचलला.

आता तुम्ही म्हणाल, जमवण्यात वाईट काय? मुंबईचे दिलीश पारेख यांनी १९७७ पासून ४,४२५ जुने कॅमेरे जमवले आणि गिनीज बुकात नाव नोंदवलं. पण तो संग्रह. फोटो काढण्यासाठी घेतलेल्या कॅमेऱ्यांचं गणित वेगळं असतं.

डिजिटल कॅमेरा पडून राहिला तर फारसं बिघडत नाही. फिल्म कॅमेरा वापराविना बिघडतो. शटरमधलं वंगण घट्ट होतं, मागच्या दाराचा फोम चिकट होऊन झडतो आणि फटीतून उजेड आत शिरतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या कित्येक कॅमेऱ्यांचे लाइट मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचे. ते सेल आता मिळत नाहीत. जागी १.५ व्होल्टचा साधा सेल टाकला की बरेच मीटर चुकीचं सांगतात. म्हणजे सात कॅमेरे असतील तर सात वेगवेगळ्या खोडी लक्षात ठेवायच्या.

त्यात प्रत्येकात अर्धवट रोल. जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि फिल्मला उष्णता अजिबात मानवत नाही. काढलेला पण न धुतलेला फोटो हळूहळू फिका पडत जातो. दिवाळीत काढलेले आजीचे फोटो जूनपर्यंत कपाटात ठेवलेत, तर नुकसान कॅमेऱ्याचं नाही, त्या फोटोंचं होतं.

कमी सामानात काय होतं? देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्यांच्या आवडत्या रोलायफ्लेक्सला लेन्स बदलायची सोयच नाही, रोलवर फोटो १२. बडोद्यात बनलेला तो क्लिक थ्रीही १२ चौकोनी फोटो देणारा, सेटिंग जवळपास नावालाच. किती तरी घरांचे अल्बम त्यानेच भरलेत!

हेच आपल्या जिल्ह्यात करून बघा. चालू स्थितीतला एक ३५ एमएम कॅमेरा, ५० एमएम एफ/२ लेन्स आणि ४०० आयएसओची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म. असईला, जिथे २३ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज-मराठा लढाई झाली, तिथल्या भर उन्हात एफ/१६ आणि १/५०० सेकंद. भोकरदन तालुक्यातल्या अन्व्याच्या कोरीव मंदिरात सावलीत शिरलात की एफ/२ आणि १/३० पासून सुरुवात. तीच फिल्म दहा-बारा वेळा वापरली की मीटरकडे बघायची गरज कमी होते. दर वेळी नवी फिल्म घेणाऱ्याला मात्र फोटो का बिघडला हेच कळत नाही. फिल्मचा दोष, मीटरचा की हाताचा?

धुलाईतही हेच. कोडॅकचं डी-७६ हे डेव्हलपर १९२७ पासून चालत आलंय, ते एकच पुरे. ते सहसा २० अंशांना वापरतात. उन्हाळ्यात आपल्या टाकीचं पाणी त्याहून कितीतरी गरम, त्यामुळे टँक आणि रसायनांच्या बाटल्या बर्फाच्या पाण्यात बसवाव्या लागतात.

आणि पाणी? २०१२-१३ चा दुष्काळ जालनेकर विसरलेले नाहीत. वाहत्या नळाखाली रोल धरायची गरज नाही. इलफर्डची पद्धत अशी: फिक्सरनंतर टँक पाण्याने भरून ५ वेळा उलटा-सुलटा करा, पाणी बदलून १० वेळा, पुन्हा बदलून २० वेळा. ३५ एमएमचा एक रोल साधारण लिटरभर पाण्यात धुऊन होतो. तेवढं पाणी कुंड्यांना मात्र घालू नका, त्यात फिक्सर आणि विरघळलेली चांदी असते.