मायना आणि मजकूर

लेखनातील अनावश्यक शब्द कोणता, याचा निर्णय सामान्यतः व्याकरण व शैली यांच्या आधारे केला जातो. मराठी ऐतिहासिक पत्रांचा अभ्यासक मात्र तो इतक्या सहजपणे करू शकत नाही. पेशवेकालीन मोडी पत्र उघडताच प्रथम लागतो तो मायना : ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ अमुक ‘गोसावी यांसी’, मागोमाग ‘विनंती उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे’. त्यानंतर ‘विशेष’ हा शब्द येतो आणि तेथून खरा मजकूर सुरू होतो. सरावलेल्या कारकुनाची दृष्टी प्रथम या शब्दावरच जात असली पाहिजे.

मजकुराची रीत याच्या अगदी उलट. तेथे शब्दाचे आद्याक्षर लिहून पुढे दोन दंड दिले की काम भागे. ‘मुक्काम’चा ‘मु॥’ होई. एकाच लेखणीने वर इतकी उधळपट्टी व खाली इतकी काटकसर का करावी?

कारण मायना माहितीसाठी नव्हताच. तो नाते सांगे. श्रेष्ठाकडे ‘विज्ञापना’ जाई, सेवकास ‘आज्ञा’. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापूर्वीच्या अनेक पत्रांचा आरंभ ‘अज रख्तखाने’ अशा फार्सी वळणाचा आहे. 1674 नंतर ‘राज्याभिषेक शक’ आणि ‘क्षत्रियकुलावतंस’ ही पदे दिसू लागतात. मजकूर एखाद्या गावच्या वतनाचाच असेल, पण राज्य बदलल्याची साक्ष मायना देतो. संपादकाने तो पाल्हाळ समजून छापताना गाळला, तर ही साक्षच नाहीशी होते.

पुढे नित्य वापराने मायनाही झिजला. ‘राजमान्य राजश्री’चे ‘रा. रा.’ झाले, ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’चे ‘सा. न. वि. वि.’. यातील शेवटचा ‘वि.’ म्हणजे मजकुराच्या आरंभाची खूण, हे तो लिहिणाऱ्या कित्येकांच्या ध्यानीही नसते. तरी तो गाळण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. शब्दाचा अर्थ गेला, शिष्टाचार उरला.

पत्राच्या अखेरीचे ‘बहुत काय लिहिणे’ हेही वरवर पाहता रिकामे वाक्य. परंतु ते मजकूर संपल्याचे सांगे. आणि शिवकालीन राजपत्रांत लेखन जेथे थांबे, तेथे ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटवीत, म्हणजे मागाहून कोणास त्यात एक शब्दही वाढविता येऊ नये.