घर सोडणे, घर सुटणे

निवृत्तीनंतर एखादी जुनी कॅम्पर व्हॅन विकत घ्यावी आणि पुढची वर्षे रस्त्यावर काढावीत, ही कल्पना मराठी वाचकाला काहीशी चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे निवृत्तीचे पैसे येतात ते घराचे कर्ज फेडायला, मुलांच्या लग्नाला, नाहीतर गावाकडच्या घराची डागडुजी करायला. तरीही उतारवयात घराबाहेर पडण्याचा विचार आपल्याला परका नाही. वानप्रस्थ हा आपल्या चार आश्रमांपैकी तिसरा. मात्र वानप्रस्थाला निघणारा मागे नांदते घर ठेवून जातो, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. अमेरिकेतील चाकांवरच्या वानप्रस्थाचा शंभर वर्षांचा इतिहास वाचताना ती आठवत राहते.

मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आली तशी ती घेऊन मुक्कामाला निघण्याची हौसही आली. १९१९ साली फ्लॉरिडातील टॅम्पा येथे 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाची संघटना स्थापन झाली. मोटारीला तंबू जोडून, डबाबंद अन्न खाऊन हिंडणारी ही मंडळी. पण निवृत्ती ही त्या काळी सर्वांच्या वाट्याला येणारी अवस्था नव्हती. हातपाय चालत तोवर बहुतेक माणसे काम करीत. १९३५ साली सामाजिक सुरक्षा कायदा झाला आणि ३१ जानेवारी १९४० रोजी व्हरमाँटमधील आयडा मे फुलर या बाईंच्या नावे मासिक निवृत्तिवेतनाचा पहिला धनादेश निघाला. रक्कम होती २२ डॉलर ५४ सेंट. युद्धानंतर अनेक कंपन्यांची निवृत्तिवेतने या रकमेच्या जोडीला आली. १९५६ च्या कायद्याने सुमारे ४१,००० मैलांच्या महामार्गांची योजना आखली. म्हातारपणी हाती वेळ, ठरलेले उत्पन्न आणि समोर चांगला रस्ता, असा योग इतिहासात प्रथमच जुळून आला.

उणीव होती ती गाडीची. १९४७ साली बेन पोन या डच व्यापाऱ्याने वहीच्या पानावर एका खोक्यासारख्या गाडीचे रेखाटन केले. १९५० मध्ये फोक्सवॅगनच्या वोल्फ्सबुर्ग येथील कारखान्यातून ती गाडी बाहेर पडू लागली, आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यात बसवण्याजोगे बिछाना-कपाटाचे सामान तयार केले. इंजिन मागे, शक्ती जेमतेम २५ अश्वशक्ती. ही गाडी आपल्यालाही अगदीच अनोळखी नाही. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून गोव्याच्या किनाऱ्यावर पोहोचलेल्या युरोपीय तरुणांच्या गाड्यांमध्ये ती असे. १९७९ च्या उलथापालथीने तो खुष्कीचा मार्ग बंद झाला. अमेरिकेत मात्र गाड्यांचा आकार वाढत गेला. आयोवातील फॉरेस्ट सिटी या लहान गावातून १९६६ पासून विनेबेगो मोटारघरे निघू लागली आणि त्यांत स्वयंपाकघर, न्हाणीघर, सारे काही आले.

या स्वप्नाला साहित्यिक प्रतिष्ठा दिली ती जॉन स्टाइनबेक यांनी. १९६० साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी मालवाहू गाडीवर मुक्कामाची खोली बसवून घेतली, तिला डॉन किहोतेच्या घोड्याचे 'रोसिनान्ते' हे नाव दिले आणि चार्ली नावाच्या कुत्र्यासह ते देश पाहायला निघाले. प्रवासवर्णन १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले, की त्यांतील बऱ्याच रात्री त्यांनी हॉटेलांत काढल्या होत्या. त्यात वावगे काही नाही. ज्याचे घर शाबूत आहे आणि ज्याच्या खिशात हॉटेलचे पैसे आहेत, त्याची ती भटकंती होती.

पुढच्या पिढीचा पाया मात्र हळूहळू खचत गेला. १९७८ च्या एका करविषयक कायद्यातील कलमाचा आधार घेऊन कंपन्यांनी आजन्म निवृत्तिवेतनाऐवजी कर्मचाऱ्याचे स्वतःचे गुंतवणूक-खाते ही पद्धत रूढ केली. बाजाराची जोखीम त्याच्या माथी आली. १९८३ च्या दुरुस्तीने पूर्ण निवृत्तिवेतनाचे वय टप्प्याटप्प्याने ६५ वरून ६७ वर नेले. त्याच वर्षी अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील सरकारी जमिनीवर हिवाळाभर गाड्या उभ्या करण्यासाठी रीतसर जागा ठरवून देण्यात आल्या. मग २००८ ची मंदी आली. घरांच्या किमती कोसळल्या, बचत आटली. जेसिका ब्रूडर यांचे 'नोमॅडलँड' हे २०१७ चे पुस्तक याच माणसांविषयी आहे. साठी-सत्तरीतले हे लोक जुन्या गाडीत राहतात, हंगामी मजुरी करतात आणि हिवाळ्यात क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात जमतात. पुस्तकावरील चित्रपटाची नायिका नेवाडातील एम्पायर या गावची. तिथला जिप्समचा कारखाना २०११ साली बंद पडला आणि कामगारांची घरे कारखान्याचीच असल्याने गावही उठले.

दोन्ही पिढ्या एकत्र भेटतात त्या जुन्या गाड्यांच्या बाजारात. विकणारे अनेकदा आधीच्या पिढीतले वृद्ध असतात. नजर अधू झालेली असते किंवा जोडीदार उरलेला नसतो. घेणाऱ्याला जाणकार सांगतात, की इंजिनाआधी पत्रा पाहा. तळाचा गंज, छतातून झिरपलेले पाणी, बिछान्याखालचा कुबट वास आणि गॅसची नळी तपासा. गाडी कमी धावली आहे याचा फार आनंद मानू नका, उभ्या गाडीचे टायरही म्हातारे होतात. टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष.

पत्र्याची पारख अशी शिकता येते. पण एकाच गाडीतून निघालेल्या दोन माणसांत कोणी घर सोडले आहे आणि कोणाचे घर सुटले आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. वाळवंटात दोघांच्याही गाड्या शेजारी उभ्या असतात, आणि आपण स्वेच्छेने निघालो असे दोघेही सांगतात. दुसऱ्याचे सांगणे खोटेच म्हणावे असेही नाही. गमावलेल्या गोष्टीला निवड म्हटल्याने माणसाला ताठ उभे राहता येते. तरीही व्यवहार पुरा करताना नोंदणीच्या कागदावर कायमच्या पत्त्याचा एक रकाना भरावा लागतो. पहिला माणूस तिथे आपले घर लिहितो. दुसरा, टपाल सांभाळून पुढे पाठवणाऱ्या एखाद्या कचेरीचा पत्ता.