लाड बंधूंचे छायालेखन

पेडणे महालातील मांद्रे गावाचे नाव निघाले की डॉ. भाऊ दाजी लाड यांचे स्मरण होते. प्राचीन लेखांचे वाचन, कुष्ठरोगावरील संशोधन आणि १८६९ व १८७१ साली भूषविलेले मुंबईच्या शेरीफचे पद यांमुळे भाऊंची कीर्ती दूरवर पसरली. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी मात्र त्या तेजाआड झाकले गेले. वास्तविक कॅमेरा हाती धरणाऱ्या पहिल्या हिंदी माणसांत त्यांची गणना करावयास हवी.

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. दोघेही बंधू तिचे सभासद झाले आणि नारायणराव पुढे तिच्या कार्यकारी मंडळावर होते. डॉक्टरास ही विद्या परकी वाटण्याचे कारणच नव्हते. १८५१ साली आर्चर याने प्रसिद्ध केलेल्या रीतीत काचेवर कलोडियनचा थर देत. हेच कलोडियन दवाखान्यात जखमेवर लावीत. ती काच मग रुप्याच्या क्षाराच्या पाण्यात बुडवावयाची. तो क्षार म्हणजे डागण्याकरिता वैद्यांच्या पेटीत असणारा काडीखार! काच ओली आहे तोवरच चित्र घेऊन धुवावे लागे, आणि मुंबईच्या उकाड्यात ती भराभर सुके. समोरच्या माणसाने काही सेकंद निश्चळ राहावे म्हणून मानेमागे लोखंडी आधार देत. जुन्या चित्रांतील मंडळी रागावल्यासारखी दिसतात, ती बहुधा यामुळेच.

एवढा ताठ बसूनही त्या माणसाचे नाव उरत नसे. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या लोकांच्या चित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ साली काढले. स्टुडिओत घेतलेल्या आकृती बाहेरच्या देखाव्यांवर जुळवून त्याने ती चित्रे सिद्ध केली, आणि खाली बहुधा ज्ञातीचे किंवा धंद्याचे नाव घातले. नारायणरावांनीही अशी ‘नमुन्यां’ची चित्रे घेतली. त्यांच्यासमोर बसलेली माणसे परकी नव्हती, तरी काळाची रीत त्यांनाही सुटली नाही.

१८७४ साली भाऊ वारले. त्यांची हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत त्यांच्या नावाने एकत्र राहिली. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयासही १९७५ साली त्यांचे नाव मिळाले. नारायणरावांच्या चित्रांस तसे एक घर लाभले नाही. ती निरनिराळ्या संग्रहांत विखुरली आहेत, आणि काही ठिकाणी चित्रातील माणसाप्रमाणेच चित्र घेणाऱ्याच्या नावाचीही जागा रिकामी आहे.