खून नोकराने केला

आमच्या घरात लहानपणी एकूण अकरा खून झाले आणि अकराच्या अकरा नोकराने केले. घाबरू नका. आमच्याकडे नोकर कधीच नव्हता. धुणीभांडी आई करायची आणि दळण मी आणायचो. हे खून झाले ते दूरदर्शनच्या पडद्यावर. त्यांचा निकाल मात्र आमच्या तीर्थरूपांनी लावला, आणि तोही अंधारात.

त्याचं असं व्हायचं. आम्ही राहायचो उस्मानपुऱ्यात, एकनाथ रंगमंदिरापासून हाकेच्या अंतरावर. नाटक बघायला तिकीट लागायचं आणि टीव्हीला लागायचा फक्त शेजारधर्म, म्हणून आम्ही टीव्हीच बघायचो. पुढे स्वतःचा आला. रहस्यमालिका शेवटच्या पाच मिनिटांवर आली, गुप्तहेराने सगळ्यांना एका खोलीत जमवलं, बोट उचललं, की फट्! लाइट गेली. पंखा फिरत फिरत थांबायचा, आई मेणबत्ती शोधायची आणि आम्ही भावंडं ओरडायचो, "अण्णा, खून कुणी केला हो?" आरामखुर्चीतून शांत आवाज यायचा, "नोकराने. झोपा आता."

गुन्हेगार सापडल्याच्या समाधानात आम्ही झोपायचो.

आता थोडा इतिहास. मराठी घराला गुप्तहेर नवा नव्हता. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून दोन पिढ्यांना अभ्यासाच्या पुस्तकात दुसरं पुस्तक लपवायला शिकवलं होतं. पण चालता-बोलता गुप्तहेर घरात आला तो १९८५ साली, 'करमचंद'च्या रूपाने. दिग्दर्शक पंकज पराशर, करमचंद झाले होते पंकज कपूर. काळा गॉगल, हातात गाजर आणि शेजारी सेक्रेटरी किटी, म्हणजे सुश्मिता मुखर्जी. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. गुप्तहेर व्हायला एवढंच लागतं अशी समजूत होऊन मी पंधरा दिवस गाजरं खाल्ली. पोराला भाजी आवडू लागली म्हणून आईने देवापुढे साखर ठेवली.

मुंबई दूरदर्शनवर बी. पी. सिंग यांनी मराठीत 'एक शून्य शून्य' आणली. पोलिसांचा शंभर नंबर हेच तिचं नाव. त्यात शिवाजी साटम होते. हे साटम मूळचे आमच्या जातीचे, म्हणजे बँकेतले. सेंट्रल बँकेत नोकरी करता करता नाटकं करायचे. पुढे त्याच जोडीने १९९८ साली 'सीआयडी' सुरू केली आणि २०१८पर्यंत दीड हजारांवर भाग ओढले. २००४ साली तर एकशे अकरा मिनिटांचा एक भाग मध्ये कुठेही कॅमेरा न थांबवता घेतला. आमच्या काउंटरवर एकशे अकरा मिनिटं कुणी न थांबता काम केल्याची नोंद अद्याप कुठल्याच विक्रमांच्या पुस्तकात नाही.

पण माझा खरा गुप्तहेर १९९३ साली आला. ब्योमकेश बक्षी. दिग्दर्शक बासू चटर्जी, ब्योमकेश झाले रजित कपूर, मित्र अजित म्हणजे के. के. रैना, आणि पुढे ब्योमकेशची बायको सत्यवती झाली ती आपली सुकन्या कुलकर्णी. ना गॉगल, ना गाजर, ना लाथेने मोडलेलं दार. धोतर नेसलेला एक शांत गृहस्थ समोरच्याचं नीट ऐकून घ्यायचा. 'डिटेक्टिव्ह' म्हटलेलं त्याला आवडत नसे. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवायचा. त्याला जन्म देणारे शरदिंदू बंद्योपाध्याय १९३८ साली मुंबईला सिनेमाच्या कथा लिहायला आले आणि १९५२ साली पुण्यात स्थायिक झाले. म्हणजे कलकत्त्याचे कितीतरी खून पुण्यात बसून झालेले आहेत! एका कथेत तर त्यांनी ब्योमकेशला थेट महाबळेश्वरला आणलं.

मालिकेचा पहिला भाग 'सत्यान्वेषी'. कलकत्त्यातली एक मेस, तिथे एका भाडेकरूचा खून, सगळे एकमेकांकडे बघताहेत, ब्योमकेश बोलायला तोंड उघडतो आणि, तुम्ही ओळखलंत, लाइट गेली. मी दहावीत होतो, तरी विचारलंच. अण्णा म्हणाले, "नोकराने. अभ्यासाला बस."

पुढे बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो. चौथ्या-पाचव्या वर्षीची गोष्ट. एका शनिवारी माझी कॅश चार हजारांनी कमी आली. तीनदा मोजली, व्हाउचरं पालथी घातली, टॅली होईना. खिशातून भरायची पाळी आली आणि माझ्यातला करमचंद जागा झाला. दिवसभरात पिंजऱ्यात कोण आलं होतं? चहा घेऊन शिपाईमामा, दोनदा. मामांच्या मुलीचं लग्न ठरलेलं. झालं! हेतू सापडला, संधी सापडली. मी तोंडाने काही बोललो नाही. नुसतं सहज विचारलं, "काय मामा, लग्नाची तयारी कुठवर आली?" मामा त्या वेळी गुडघ्यावर बसून कचऱ्याच्या टोपल्या उपसत होते, माझे चार हजार शोधायला. "होतंय साहेब हळूहळू," म्हणाले.

मंगळवारी पेन्शनवाल्या एक आजी आल्या. शनिवारी मी त्यांना शंभराच्या दहा नोटांऐवजी पाचशेच्या दहा दिल्या होत्या. त्यांनी त्या न मोजता डब्यात ठेवल्या होत्या, कारण बँकेवर विश्वास! गुन्हेगार पिंजऱ्यातच बसलेला निघाला. कॅश जुळली, सगळे हसले, मीही हसलो. मामांना मी काही बोललो नाही. बोललो असतो तर आधी काय मनात आणलं होतं तेही सांगावं लागलं असतं.

मग २०२०चा मार्च आला. सगळा देश घरात कोंडला गेला आणि दूरदर्शनने जुनी कपाटं उघडली. ब्योमकेश परत आला. ऐंशी ओलांडलेले अण्णा आणि मी शेजारी शेजारी बसलो. 'सत्यान्वेषी' लागला. शेवटची पाच मिनिटं आली. मी सवयीने पंख्याकडे बघितलं. पंखा फिरतच राहिला.

खून नोकराने केला नव्हता. तो केला होता मेसच्या मालकाने, होमिओपॅथी डॉक्टरने; गोड बोलणारा, गोरगरिबांना औषध देणारा, सगळ्यांत सभ्य माणूस.

"अण्णा," मी म्हणालो, "तुम्ही तर नोकर म्हणाला होतात!"

"मला तरी कुठे ठाऊक होतं?" अण्णा म्हणाले. "लाइट गेलेली, रात्र झालेली, तुम्हाला झोपवायचं होतं. घाईत कुणावर तरी ढकलायचं, तर नोकर बरा. तो काय येऊन भांडणार आहे?"

त्या जूनमध्ये, टाळेबंदीतच, बासू चटर्जी गेले. आणि ये-जा पुन्हा सुरू झाल्यावर मी तोंडाला मास्क बांधून पीर बाजारामागच्या एका घरी गेलो. मामा निवृत्त होऊन अंगणात नातवंडांना सांभाळत होते. मी इकडचं तिकडचं बोललो, घसा खाकरला आणि सतरा वर्षांचं थकलेलं एकदाचं सांगून टाकलं.

मामा हसले. "मला तेव्हाच कळलं होतं, साहेब."

"कसं?"

"तुम्ही रोज कप पार रिकामा करून द्यायचे. शनिवारी संध्याकाळी अन् सोमवारी, माझ्या हातचा चहा अर्धा ठेवला. मंगळवारी आजी येऊन गेल्या अन् कप पुन्हा रिकामा आला."

मी गप्प झालो. खाली मान घालून बघितलं, तर नातीने चहा आणून ठेवला होता. साखर भयंकर होती. मास्क खाली केला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो. मामा कपाकडे बघत होते.