गर्भारपणातील धडधड व धाप

गर्भारपणातील धडधड व धाप : गर्भवतीला स्वतःच्या हृदयाचे ठोके जाणवणे, ते जलद किंवा अनियमित वाटणे आणि नेहमीच्या कामातही दम लागणे. निरोगी गर्भवतींपैकी निम्म्याहून अधिक जणींना केव्हा ना केव्हा धाप लागते. गर्भाला रक्त व ऑक्सिजन पुरवण्यासाठी शरीराचे काम वाढलेले असते, त्याचाच हा बहुधा परिणाम असतो. मात्र रक्तक्षय आणि हृद्रोग यांची सुरुवातही याच तक्रारींनी होऊ शकते. म्हणून ‘पोटुशीला दम लागायचाच’ असे म्हणून तपासणी टाळणे धोक्याचे आहे.

कारणे : गर्भारपणात शरीरातील रक्त सु. ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. हृदयाला दर मिनिटाला ३० ते ५० टक्के अधिक रक्त पुढे ढकलावे लागते आणि नाडीचे ठोके मिनिटाला १० ते २० नी वाढतात. मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखे वाटते. हृदय निरोगी असल्यास असे ठोके सहसा निरुपद्रवी असतात.

पोट दिसू लागण्याआधीच धाप सुरू होऊ शकते. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मेंदूतील श्वसनकेंद्राला चेतवते. त्यामुळे श्वासांची संख्या फारशी न वाढता प्रत्येक श्वास खोल होतो आणि आईच्या रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड कमी होतो. परिणामी गर्भाच्या रक्तातील हा वायू वारेतून आईकडे सहज येतो. पुढील महिन्यांत वाढते गर्भाशय छाती व पोट यांमधील पडदा सु. ४ सेंमी.पर्यंत वर सारते. शेवटच्या आठवड्यांत बाळाचे डोके कटीत उतरले की श्वास थोडा मोकळा होतो.

आराम पडण्यासाठी : उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो व घाबरल्यासारखे होते, चक्करही येते. अशा वेळी डाव्या कुशीवर वळावे. पाठीशी उशा घेऊन टेकून बसल्यानेही श्वास घेणे सोपे जाते. पोटभर जेवण्याऐवजी थोडेथोडे खावे, पाणी पुरेसे प्यावे, जिना चढताना मध्ये थांबावे, अंथरुणातून सावकाश उठावे. चहा-कॉफी कमी करावी. मिश्री व तंबाखू पूर्ण सोडावी; त्यांतील निकोटिनाने ठोके वाढतात आणि गर्भालाही अपाय होतो.

मागे असू शकणारे आजार : भारतात रक्तक्षयाचा विचार आधी करावा लागतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सु. ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय मानतात. रक्तातून ऑक्सिजन कमी वाहून नेला जात असल्याने हृदय अधिक वेगाने चालते. चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाची गोळी रोज घ्यावयाची असते. चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर ती घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही.

लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने काही स्त्रियांच्या हृदयाची झडप अरुंद झालेली असते, पण अनेकींना त्याची कल्पना नसते. गर्भारपणात रक्त व ठोके दोन्ही वाढतात, झडपेतून रक्त पुढे सरकायला वेळ अपुरा पडतो आणि ते फुप्फुसांत तुंबते. थायरॉइडचे विकार, दमा, वाढलेला रक्तदाब व फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी हीदेखील कारणे असू शकतात.

धोक्याची लक्षणे : बसल्या जागी दम लागणे, एक वाक्य सलग बोलता न येणे, आडवे झोपता न येणे, रात्री गुदमरून जाग येणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, खोकल्यातून रक्त पडणे, ओठ निळसर होणे, एकाच पायावर सूज येऊन दुखणे, धडधड न थांबणे. यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

तपासणी व उपचार : नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन व रक्तातील ऑक्सिजन यांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. ईसीजी व हृदयाची सोनोग्राफी यांत क्ष-किरण नसल्याने बाळाला धोका नसतो. किती पायऱ्यांनंतर दम लागतो, झोपताना किती उशा लागतात आणि त्यात आठवड्याभरात काय फरक पडला, हे डॉक्टरांना सांगावे. दम्याची किंवा हृदयाची औषधे स्वतःहून बंद करू नयेत.

प्रसूतीनंतरही ही दक्षता सोडता येत नाही. हृदयाचा स्नायू दुबळा होण्याचा एक विकार गर्भारपणाच्या अखेरीस किंवा बाळंतपणानंतरच्या ५ महिन्यांत उद्भवू शकतो. तेव्हा घरातल्यांचे लक्ष बाळाकडे असते आणि बाळंतिणीची धाप जागरणाच्या थकव्यात जमा होते. बाळंतपणानंतर कमी व्हायला हवी ती धाप वाढत असेल, तर बाळंतिणीला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.