वोबोबची कडू कातडी

‘या विषयावर आधी काहीच काम झालेलं नाही’ हे वाक्य तुमच्या प्रपोजलमध्ये टाकणार असाल, तर जरा थांबा. मीही ते बिनधास्त टाकलं होतं. आधी पिटोहुईची गोष्ट ऐका.

हूडेड पिटोहुई हा न्यू गिनीच्या जंगलातला गाणारा पक्षी. जवळपास साळुंकीएवढा, डोकं, पंख, शेपूट काळं, बाकी अंग नारिंगी-विटकरी. शास्त्रीय नाव त्याला १८५० मध्येच मिळालं होतं.

१९८९ मध्ये जॅक डमबाकर हा अमेरिकन विद्यार्थी पापुआ न्यू गिनीत ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’चा अभ्यास करत होता. जाळ्यात मधूनच पिटोहुई अडकायचे. सोडवताना त्यांनी हात ओरबाडला, की तो जखम चोखायचा. तर जीभ झिणझिणली, मग बधिर झाली! स्थानिक सोबत्यांना विचारलं, तर त्यांना त्यात नवल काहीच नव्हतं: हा टाकाऊ पक्षी, खायचाच तर कातडी काढून. पुढच्या हंगामात त्याने मुद्दाम पीस तोंडात धरून पाहिलं. तेच झालं. (तुम्ही असलं काही करू नका.)

मग नमुने जॉन डेली यांच्याकडे गेले. कोलंबियातल्या विषारी बेडकांच्या कातडीतलं बॅट्राकोटॉक्सिन ओळखणारे हेच रसायनशास्त्रज्ञ. पिटोहुईच्या कातडीत आणि पिसांत त्याच कुळातलं विष निघालं. हे विष मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडेच ठेवतं. १९९२ मध्ये ‘सायन्स’मध्ये पेपर आला आणि विषारी पक्षी ही मोठी बातमी झाली.

पण १९७७ मध्येच एक पुस्तक छापून आलं होतं. लेखक दोघं: न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या कलाम समाजाचे इयन साएम माज्नेप आणि मानवशास्त्रज्ञ राल्फ बल्मर. त्यात या पक्ष्याची, कलाम भाषेत ‘वोबोब’ची, नोंद आहे, त्याची कातडी कडू असते, तोंड आवळतं, असं काही जण सांगतात, हेही आहे. म्हणजे माहिती छापील होती, पण ती ‘लोकज्ञान’ म्हणून वेगळ्या कपाटात. पक्षिशास्त्रज्ञांनी त्यातून रसायनाचा प्रश्न काढलाच नाही. माझ्या मते डमबाकरचं खरं श्रेय जिभेपेक्षा सोबत्यांना विचारण्यात आहे.

आणि विष येतं कुठून? तो धागाही गावातूनच मिळाला. हेरोवाना गावचे लोक एका बारीक भुंगेऱ्याला ‘नानीसानी’ म्हणतात. तोंडाला येणाऱ्या झिणझिण्यांनाही तोच शब्द. २००४ च्या पेपरनुसार त्या कोरेसिन भुंगेऱ्यांत बॅट्राकोटॉक्सिन सापडलं, आणि पिटोहुईच्या पोटात तेच भुंगेरे.