मेणवलीची घंटा व वसईच्या दोन शिला

वाईनजीक कृष्णाकाठी मेणवली येथे नाना फडणविसांचा वाडा व घाट आहे, हे सातारा-सांगलीकडील वाचकांस सांगावयास नकोच. त्या घाटावर मेणेश्वराच्या सान्निध्यात एक थोरली घंटा टांगलेली आहे. तिजवर पवित्र मरीया व बाळ येशू यांची आकृती आहे. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई सर केली, तेव्हा तेथील चर्चमधून ज्या घंटा निघाल्या, त्यांपैकी ही एक होय. घंटा विजयचिन्ह म्हणून सह्याद्री ओलांडून आल्या; चर्चच्या जमिनीत बसविलेल्या स्मारकशिला मात्र तेथेच राहिल्या.

वसईच्या किल्ल्यातील फ्रान्सिस्कनांच्या पडक्या मंदिराची जमीन अशा शिलांनी भरलेली असून बहुतेक शिला पोर्तुगीज कुलीन घराण्यांच्या आहेत. परंतु आमचे मन वेधले ते येशूसंघीयांच्या मंदिरातील दोन शिलांनी. एक इझाबेल द आगियार यांची. त्या 1591 साली निवर्तल्या. दुसरी 1628 साली मृत्यू पावलेल्या फिलिपा दा फोन्सेका यांची. दोघीही विधवा. पहिलीस संघाच्या विद्यालयाची उदार साहाय्यकर्ती म्हटले आहे. दुसरीने आपल्या हयातीतच सर्वस्व मंदिरास देऊन टाकले, असा लेख आहे. पराक्रमाचा उल्लेख नाही, मानमरातब नाही. सरदारांच्या शिलांपेक्षा याच आम्हांस थोर वाटतात.

तथापि एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या काळी वसई प्रांतातील गावेच्या गावे पोर्तुगीज कुटुंबांस खंडाने दिलेली असत व तेथील भात पिकविणारे आपल्याच देशाचे लोक असत. चर्चला मिळालेल्या दानांत त्यांचाही घाम होता. त्यांची नावे कोणत्याच शिलेवर नाहीत.

शरणागतीच्या अटींप्रमाणे पोर्तुगीज कुटुंबे चीजवस्तूसह वसई सोडून गेली. आडनावे मात्र राहिली. कारण बाप्तिस्मा घेणाऱ्यास धर्मपित्याचे आडनाव मिळण्याची चाल होती. तेव्हा आज कोणी फोन्सेका भेटले, तर त्यांचे फिलिपाबाईंशी रक्ताचे नाते असेलच असे नव्हे. ते बहुधा त्या भात पिकविणाऱ्यांचेच वंशज असतील!

वसईहून व गोव्याहून अशीच आडनावे घेऊन पुष्कळ कुटुंबे इकडे आली. कोणी रेल्वेच्या चाकरीने मिरजेस, कोणी अन्य उद्योगाने साताऱ्यास. त्यांच्यापैकी फारच थोड्यांस संगमरवर लाभला. या स्मरणिकेसाठी आम्ही आपल्या दफनभूमीतील नावे उतरून घेऊ लागलो, तेव्हा कित्येक लाकडी क्रूसांवरील रंगाची अक्षरे पावसाने धुऊन गेलेली आढळली. एका क्रूसावर केवळ साल उरले होते. त्या सालची मृत्यूची नोंदवही काढून पाहिली, तिच्यात तीन नावे निघाली. त्या तिघांपैकी कोणाच्याही घरच्या वडील मंडळीस ती जागा ठाऊक असेल, तर त्यांनी पावसाळ्यापूर्वी फादरांस कळवावे.